कारभार मुंबईत, महाविद्यालय कल्याणात

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये वसलेले आंबिवली आज कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येते. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासग्रंथांत या नावाचा उल्लेख सहसा सापडत नाही. तरीही ज्या विद्यापीठाशी सातशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत, त्याच्या कारभाराचा आणि आर्थिक व्यवहाराचा खरा परिणाम पाहायचा असेल, तर फोर्ट आणि कलिना येथील इमारतींपेक्षा कल्याणपलीकडच्या या पट्ट्यातून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. येथील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतो, त्याचे प्राध्यापक मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेने शिकवतात, आणि दोघांच्याही संदर्भातील जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यांच्या गावापासून दूर घेतला जातो. हे अंतर प्रवासाच्या गैरसोयीपुरते नाही. ते विद्यापीठाच्या मूळ घडणीतच आहे, आणि त्याचा माग १८५७ पर्यंत जातो.

१८५४ च्या वूड यांच्या खलित्यात हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापण्याची शिफारस झाली. त्याच वर्षी आगगाडी कल्याणपर्यंत पोहोचली, आणि पुढच्या वर्षी ती आजच्या आंबिवलीच्या शिवारातून वाशिंदपर्यंत गेली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला, आणि नव्या संस्थेचा नमुना म्हणून लंडन विद्यापीठ घेण्यात आले, म्हणजे स्वतः न शिकवता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ. अध्यापन एलफिन्स्टनसारख्या महाविद्यालयांत होई. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, तेव्हा विद्यापीठाकडे स्वतःची इमारतही नव्हती. पुढे सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह उभे राहिले, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय व राजाबाई मनोरा. वास्तू दानशूर व्यापाऱ्यांनी दिल्या, चालू खर्चाचा मोठा भार परीक्षा शुल्कावर राहिला, आणि अधिकार सरकारने नेमलेल्या सदस्यांकडे गेला. पैसा देणारे, शिकवणारे आणि निर्णय घेणारे हे तीन वर्ग आरंभापासूनच वेगळे होते, आणि पुढील दीडशे वर्षांत कायदे अनेकदा बदलले तरी ही विभागणी बहुतांशी टिकून राहिली.

या निर्णय घेणाऱ्या मंडळाचे नाव ‘सिनेट’, ज्याला आज ‘अधिसभा’ म्हणतात. प्रारंभी तिचे सदस्य, म्हणजे ‘फेलो’, तहहयात असत. गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती असे आणि कुलगुरूंची नेमणूक सरकार करी. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले, तोवर अधिसभेत सुशिक्षित भारतीयांचा आवाज बराच वाढलेला होता. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने या आवाजाला लगाम घातला. सदस्यसंख्येची कमाल मर्यादा १०० ठरली, तहहयात सदस्यत्व संपले, आणि मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांत निवडून येणाऱ्या सदस्यांच्या वाट्याला केवळ २० जागा आल्या. स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकाला विरोध केला. अशा रचनेत विद्यापीठ हे जवळजवळ सरकारी खाते बनेल, असा त्यांचा आक्षेप होता. सरकारचे म्हणणे शैक्षणिक दर्जा सुधारण्याचे होते, आणि त्यात तथ्यही होते, कारण तहहयात सदस्यांत अध्यापनाशी काडीचाही संबंध नसलेले पुष्कळ होते. पण शिकवणाऱ्यांचे प्रमाण वाढवायचे तर त्यांना निवडून येऊ देणे हा सरळ मार्ग होता; कायद्याने तो सोडून नियुक्तीचा मार्ग धरला.

चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील सुधारणा समितीनंतर १९२८ चा कायदा आला. त्याने अधिसभा रुंदावली आणि अभ्यासक्रम, परीक्षा व दर्जा यांचा विचार करणारी विद्या परिषद अस्तित्वात आणली. हा या इतिहासातील सर्वांत फलदायी काळ म्हटला पाहिजे. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघालेला होता, आणि १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. परीक्षा घेणारे विद्यापीठ शिकवू लागले, संशोधन करू लागले. मात्र हे सारे मुंबई शहरात घडले. १९५३ च्या कायद्याने तर विद्यापीठाचे क्षेत्र बृहन्मुंबईपुरते आखले, आणि ठाणे जिल्हा त्या रेषेबाहेर राहिला. पुढे ठाण्यासह कोकणातील जिल्हे मुंबई विद्यापीठाकडे आले ते संलग्न महाविद्यालयांचा प्रदेश म्हणून. शहराला विद्यापीठाचे विभाग मिळाले आणि जिल्ह्यांच्या वाट्याला त्याच्या परीक्षा आल्या.

कल्याण परिसरात महाविद्यालये निघाली ती स्थानिकांच्या उमेदीवर. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी समाजाने साठच्या दशकात महाविद्यालये उभी केली. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये महाविद्यालयीन शिक्षणात पाऊल टाकले. कल्याणात कल्याण सिटिझन्स एज्युकेशन सोसायटीचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू झाले. आंबिवली–मोहोने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनआरसी, आणि शहाडची सेंच्युरी रेयॉन या कारखान्यांभोवती वाढलेल्या कामगार वसाहतींतील पहिली पदवीधर पिढी या महाविद्यालयांच्या वर्गांत बसली. कारखान्यातील कायम नोकरीचा पगार आणि अनुदानित महाविद्यालयाचे अल्प शुल्क, या दोन आधारांवर ती पिढी शिकली. २००९ मध्ये एनआरसीला टाळे लागले आणि पहिला आधार गेला. दुसऱ्याचे काय झाले, हे समजण्यासाठी अनुदानाची पद्धत थोडी तपशिलाने पाहावी लागते.

‘अनुदानित’ म्हणजे खाजगी संस्थेने चालवलेले, पण मान्यताप्राप्त पदांचे वेतन शासन देते असे महाविद्यालय. सत्तरच्या दशकापासून शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येऊ लागले, हा शिक्षक संघटनांच्या लढ्याचा मोठा विजय होता, कारण त्यापूर्वी वेतन संस्थाचालकांच्या मर्जीवर आणि संस्थेच्या शिलकीवर अवलंबून असे. या व्यवस्थेत अधिकार मात्र तीन ठिकाणी वाटला गेला. पद भरण्याची परवानगी, म्हणजे ‘ना हरकत प्रमाणपत्र’, शासनाकडून येते. उमेदवाराच्या निवडीला मान्यता कलिना येथील विद्यापीठ देते. वेतनाची देयके उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयातून निघतात, आणि ठाणे जिल्ह्यासाठी ते कार्यालय पनवेल येथे आहे. त्याशिवाय कार्यभार, म्हणजे विषयनिहाय तासिकांची संख्या, तपासून घ्यावा लागतो आणि बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांचा क्रम, प्रमाणित करून घ्यावी लागते. यांतील प्रत्येक पायरीला स्वतंत्र कारण आहे आणि बिंदुनामावलीसारखी तरतूद सामाजिक न्यायासाठी अत्यावश्यक आहे, पण एका पायरीवर कागद अडला की वर्ग शिक्षकाविना राहतो, आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या अर्थकारणातील हे सर्वांत दूरगामी वळण होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतही ‘स्वयंअर्थसहाय्यित’, म्हणजे केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारे, अभ्यासक्रम आले. एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर, एक तुकडी शासनाच्या वेतनावर आणि दुसरी शुल्कावर चालू लागली. अनुदानित तुकड्यांत निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची जागा ‘तासिका तत्त्वा’वरील शिक्षक घेऊ लागले. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या प्रत्येक तासाचे ठरावीक मानधन, ज्यात सुट्टीचे वेतन, निवृत्तिवेतन किंवा पुढील वर्षाची खात्री यांपैकी काहीही नसते. २०१७ मध्ये राज्याने पदभरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरण्यास मान्यता मिळाली, तरी ती साचलेल्या रिक्त पदांचा केवळ एक हिस्सा भरून काढणारी होती.

याच काळात कारभाराचे कायदेही बदलत होते. १९७४ मध्ये राज्यातील विद्यापीठांसाठी नवे स्वतंत्र कायदे झाले, १९९४ मध्ये सर्वांना मिळून एक समान कायदा आला, आणि अरुण निगवेकर, अनिल काकोडकर व राम ताकवले यांच्या समित्यांच्या अहवालांनंतर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ तयार झाला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. या कायद्यानुसार अधिसभेत संलग्न महाविद्यालयांचे १० प्राचार्य, १० शिक्षक, १० नोंदणीकृत पदवीधर आणि संस्थाचालकांचे ६ प्रतिनिधी निवडून येतात. विद्याशाखेचे प्रमुख असलेले अधिष्ठाते पूर्वी शिक्षकांमधून निवडून येत, ते आता नियुक्त होतात. निवडणुकांतील गटबाजीमुळे शैक्षणिक काम मागे पडते, हे या बदलामागचे कारण होते. गटबाजी खरीच होती. पण १९०४ प्रमाणेच याही वेळी शैक्षणिक दर्जाच्या नावाने निवडणुकीची जागा नियुक्तीने घेतली, आणि नियुक्त अधिष्ठात्याची जबाबदारी शिक्षकांपेक्षा कुलगुरूंकडे अधिक झुकली. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंत्र्याला प्र-कुलपतिपद देणारी आणि कुलगुरू निवडीत शासनाचा वाटा वाढवणारी दुरुस्ती संमत केली. पुढच्या सरकारने ती मागे घेतली. राजभवन आणि मंत्रालय यांच्यातील या ओढाताणीत शिक्षकांच्या मताचा प्रश्न बाजूलाच राहिला.

अधिसभेत आवाज तोकडा आणि वेतनाचा निर्णय मंत्रालयात, अशा स्थितीत शिक्षकांकडे एकच परिणामकारक साधन उरले होते, ते म्हणजे परीक्षा. जे विद्यापीठ परीक्षेसाठीच जन्माला आले, त्याचा कारभार परीक्षेच्या कामावरील बहिष्कारानेच थांबू शकत होता. राज्यव्यापी प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, ४ फेब्रुवारी २०१३ पासून असा बहिष्कार पुकारला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या, नेट–सेट पात्रता नसलेल्या शिक्षकांच्या सेवेचा प्रश्न, या प्रमुख मागण्या होत्या. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात बहिष्कार संपला आणि शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले. विद्यार्थ्यांना झालेला मनस्ताप नाकारता येणार नाही. तरीही दीर्घकाळ प्रलंबित मागणी ऐकली जाण्यासाठी विद्यार्थ्याच्या परीक्षेलाच हात घालावा लागतो, हा शिक्षकांपेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक आहे, कारण तिने ऐकण्याची दुसरी जागा ठेवलीच नव्हती.

चार वर्षांनी उलट बाजूने तोच धडा मिळाला. २०१७ मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच वेळी सर्व अभ्यासक्रमांना लावली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे काम कोलमडले, निकाल महिनोनमहिने रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. तपासणाऱ्या शिक्षकांची पुरेशी तयारी करून न घेता घेतलेल्या निर्णयाची किंमत थेट कोकण किनाऱ्यापर्यंतच्या विद्यार्थ्यांनी मोजली.

अनुदानाचा प्रश्न अलीकडे थेट कल्याण–डोंबिवलीत उभा राहिला. डोंबिवलीतील पेंढरकर महाविद्यालय अनुदान सोडून विनाअनुदानित करण्याच्या संस्थेच्या भूमिकेला प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि नागरिक यांनी विरोध केला. २०२४ मध्ये आंदोलन झाले आणि प्रकरण शासनाने प्रशासक नेमण्यापर्यंत गेले. संस्थाचालकांची बाजू स्वायत्ततेची असते, आणि अनुदानासोबत येणारा कागदी जाच खोटा नाही. पण टिटवाळा, आंबिवली, वाशिंद, शहापूर येथून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अनुदानित जागा म्हणजे परवडणारे एकमेव शिक्षण असते, आणि सार्वजनिक पैशावर अनेक दशके उभी राहिलेली संस्था केवळ व्यवस्थापनाच्या इच्छेने त्या बंधनातून मोकळी होऊ शकते का, हा प्रश्न डोंबिवलीकरांनी योग्य वेळी विचारला.

त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी अधिसभेच्या पदवीधर गटाची निवडणूक झाली. ती २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली होती, आणि शेवटी न्यायालयाच्या आदेशानेच पार पडली. मतदानाच्या या लढाईला प्रसिद्धी भरपूर मिळाली. शिक्षक गटाच्या मतदारसंघाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही, आणि कारभार व पैसा यांची गाठ नेमकी तेथेच बसलेली आहे. कायद्याच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक. तासिका तत्त्वावर शिकवणारा त्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे अधिसभेच्या शिक्षक गटात त्याला मत नाही. एखादा पूर्णवेळ शिक्षक निवृत्त होतो, त्याचे पद मंत्रालयात अडकून राहते आणि त्याच्या तासिका मानधनावरील शिक्षकाकडे जातात, तेव्हा वेतनावरील खर्च तर वाचतोच, शिवाय विद्यापीठाच्या मतदार यादीतून एक नावही कमी होते. कल्याणपलीकडच्या ज्या महाविद्यालयांत अशी पदे अधिक, तेथील शिक्षकांचे अधिसभेतील वजन तितकेच घटते. अर्थसंकल्प दरवर्षी त्याच अधिसभेपुढे येतो, आणि त्यावर बोलू शकणाऱ्या शिक्षकांचा मतदारसंघ रिक्त पदांसोबत आकसत जातो.