नागपुरातील ख्रिस्ती उपासनामंदिरे आणि राजसत्ता : इ. स. १८४५ ते १९७०

नागपुरातील चर्चे ही इंग्रजी राज्याची देणगी होय, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. सदर भागातील दगडी वास्तू पाहणाऱ्यास ती सहज पटते. तथापि कालक्रम नीट तपासला असता ही समजूत अपुरी ठरते. नागपुरात ख्रिस्ती धर्माचे तीन प्रवाह तीन दिशांनी आले आणि त्या प्रत्येकाचा राजसत्तेशी असलेला संबंध निराळा होता. हा भेद ध्यानी घेतल्याखेरीज १९७० साली याच नगरात घडलेल्या चर्च-ऐक्याचा अर्थ उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) नागपूरचे राज्य नावाने भोसल्यांचे राहिले, परंतु सीताबर्डीस रेसिडेंट व कामठीस इंग्रजी छावणी, अशी दुहेरी व्यवस्था सुरू झाली. कामठीतील फौज मद्रास सैन्याची होती. त्यामुळे गोऱ्या शिपायांबरोबरच तमिळ व तेलुगू बोलणारी माणसेही या प्रदेशात आली, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबे होती. नागपूर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा आरंभ मराठी भाषेत नव्हे, तर छावणीच्या या बहुभाषिक वस्तीत शोधावा लागतो.

फेब्रुवारी १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. त्यांना पाठविणारे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड हे अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८४३ साली, स्थापन झाले होते. धर्मोपदेशकाच्या नेमणुकीत जमीनदार व शासन यांचा हात असावा काय, या वादातून स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च दुभंगले, आणि ज्यांनी हा हस्तक्षेप नाकारला त्यांनी हे नवे चर्च उभारले. म्हणजे राजाश्रय नाकारून बाहेर पडलेली संस्था भोसल्यांच्या राजधानीत आली, आणि तीही राज्य खालसा होण्यापूर्वी नऊ वर्षे. हिस्लॉप यांच्या कार्याचे प्रमुख साधन शाळा हे होते. ही शाळा महालात, म्हणजे जुन्या नगराच्या पोटात होती. रॉबर्ट हंटर यांच्या साहाय्याने त्यांनी या प्रदेशाच्या भूस्तरांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला. गोंडांच्या लिंगो-कथेची गीते त्यांनी उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ते नदीत बुडून मरण पावले. त्यांचे आदिवासींविषयीचे टिपण सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. १८८३ साली निघालेले हिस्लॉप कॉलेज हे या परंपरेचेच फळ होय.

अँग्लिकन प्रवाहाचे स्वरूप याच्या नेमके उलट होते. सदरचे ऑल सेंट्स चर्च १८५१ चे, म्हणजे तेही खालसाकरणापूर्वीचेच. परंतु ते उभे राहिले अधिकारी व सैनिक यांच्या उपासनेसाठी. अशा चर्चांच्या चॅपलेनांचे वेतन सरकारी तिजोरीतून होत असे. पुढे इंग्लंडातील नामांकित वास्तुविशारद जी. एफ. बॉडली यांच्या आराखड्यानुसार या वास्तूचा विस्तार झाला. १९०३ मध्ये आयर चॅटर्टन हे नागपूरचे पहिले बिशप झाले आणि छावणीच्या उपासकांसाठी बांधलेले हे मंदिर कॅथीड्रलच्या पदवीस पोहोचले.

तिसरा प्रवाह रोमन कॅथलिकांचा. त्याचे धर्मगुरू इंग्रज नव्हते. सेंट फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावे चालणाऱ्या संघाचे हे मिशनरी सॅव्हॉय प्रांतातील अ‍ॅनसी येथून निघून १८४६ मध्ये विशाखापट्टणमास उतरले. नागपूरचा कारभारही प्रथम तेथूनच चाले. आज विचित्र वाटणारी ही योजना कामठीच्या मद्रासी फौजेकडे पाहिले म्हणजे स्वाभाविक वाटते. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३ साली तो आर्चबिशपचा प्रांत ठरला आणि युजीन डिसोझा हे त्याचे पहिले आर्चबिशप झाले. या प्रवाहाचा आधार इंग्रज सरकार नसून रोम होता.

विसाव्या शतकात या चित्रात मूलगामी पालट झाला. १९२७ च्या इंडियन चर्च अ‍ॅक्टान्वये भारतातील अँग्लिकन चर्च १ मार्च १९३० पासून इंग्लंडच्या चर्चपासून विभक्त झाले. जे तत्त्व फ्री चर्चने १८४३ साली फुटून मिळविले, ते अँग्लिकनांच्या पदरी कायद्याने पडले. ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ मध्येच सुरू झाल्या होत्या, हा योग लक्षणीय आहे. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्याच आवारात, सहा चर्चे मिळून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन परंपरा सामावून घेतलेले संयुक्त चर्च होते, तसेच बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथॉडिस्ट व डिसायपल्स होते. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र त्याच वर्षी योजनेतून बाजूला झाले.

मुख्य अडचण बिशपपदाची होती. दक्षिण भारतात १९४७ साली बिशपाविना दीक्षित झालेल्या धर्मोपदेशकांना तसेच स्वीकारून ऐक्य साधले गेले होते. नागपुरात मात्र आरंभीच परस्परांच्या मस्तकी हात ठेवून सर्वांची सेवा एक करण्यात आली. कोणा एका पक्षाची दीक्षा उणी होती, असे म्हणण्याची पाळी यामुळे आली नाही. रोमन कॅथलिक या ऐक्याबाहेर राहिले. पुढे केरळातून आलेल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मशिक्षणकेंद्र नागपूर परिसरात उभे राहिले, तेही आपल्या स्वतंत्र पौरस्त्य परंपरेसह.

सारांश, नागपूरच्या चर्चांचा इतिहास हा इंग्रजी सत्तेचा परिशिष्टभाग नव्हे. सत्तेशी जवळीक, सत्तेपासून फारकत आणि सत्तेबाबत तटस्थता, या तिन्ही भूमिका येथे एकाच काळी नांदल्या, आणि जवळीक संपल्यावरच प्रॉटेस्टंट पंथांचे ऐक्य शक्य झाले. तथापि आजवरचे लेखन बिशप, मिशनरी व वास्तू यांभोवतीच फिरत राहिले आहे. कामठीच्या तमिळ-तेलुगू कुटुंबांपासून महालातील शाळेच्या मराठी विद्यार्थ्यांपर्यंत जो उपासकवर्ग या भिंतींच्या आत बसत होता, तो कोणत्या भाषेत प्रार्थना करीत होता आणि ती भाषा केव्हा पालटली, हा प्रश्न अद्याप संशोधकाची वाट पाहत आहे. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या हे त्याचे पहिले साधन होय. त्या जीर्ण होण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तिकडे वळावे, हे इष्ट.