दोन चकत्यांचे गणित

शाळेच्या कार्यालयात फीची पावती लिहिताना खाली कार्बन कागद घालतात. एक प्रत पालकांकडे जाते, दुसरी पुस्तकात राहते. एक हरवली तरी दुसरी असते. संगणकातील 'मिरर डिस्क', म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जुळ्या चकत्या, याच कल्पनेवर चालतात. त्यांच्या इतिहासात संभाव्यतेच्या धड्यासाठी एक चांगले उदाहरण दडलेले आहे.

फिरत्या चुंबकीय चकत्यांवर माहिती साठवणारा 'रॅमॅक' हा संगणक आयबीएमने १९५६ साली आणला. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. अशा यंत्रात माहिती वाचणारे टोक वेगाने फिरणाऱ्या चकतीपासून अगदी थोड्या अंतरावर असते. ते चकतीला घासले, की चुंबकीय थर खरवडला जातो आणि तिथली माहिती कायमची जाते.

बँकांचे व्यवहार संगणकावर आल्यावर हा धोका परवडण्यासारखा राहिला नाही. जेम्स ट्रेबिग यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियात टँडम ही कंपनी काढली. तिचा पहिला संगणक १९७६ साली सिटीबँकेकडे गेला. 'सुटे भाग बिघडणारच' हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली होती. चकत्यांची जोडी लावता येई. प्रत्येक नोंद दोन्हींवर लिहिली जाई. एक बंद पडली, तर काम दुसरीवर चालू राही. मग नवी चकती बसवायची आणि चांगल्या चकतीवरची सगळी माहिती तिच्यावर उतरवून घ्यायची.

चकत्यांची संख्या वाढली की काय होते, हे १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात मांडले. त्यांनी एका चकतीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले. अशा १०० चकत्या एकत्र चालवल्या, तर त्यांतली एखादी सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, बिघडणार! म्हणून जादा चकत्या हव्यातच. अशा रचनांना त्यांनी 'रेड' हे नाव दिले आणि जुळ्या चकत्यांना त्यात पहिली पायरी मानले.

हेच आकडे घेऊन आपण जोडीचे गणित करू. दोन चकत्या असल्या, की पहिला बिघाड सरासरी १५,००० तासांनी येतो, म्हणजे बिघाड दुप्पट वेळा होतात. पण माहिती जाण्यासाठी दुरुस्ती होण्याआधीच दुसरीही बिघडायला हवी. दुरुस्तीला २४ तास लागतात असे धरू. तेवढ्या वेळात दुसरी बिघडण्याची शक्यता ३०,००० मध्ये २४, म्हणजेच १,२५० मध्ये एक. १५,००० गुणिले १,२५० म्हणजे १,८७,५०,००० तास, सुमारे २,१४० वर्षे!

या आकड्यावर भाळण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: आपण काय गृहीत धरले? दोन्ही बिघाड परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे. एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर असलेल्या चकत्यांना आग, पाणी किंवा विजेचा दाब वाढणे एकदमच गाठते.

दुसरी मर्यादा माणसाची. टँडममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ साली तेथील संगणक बंद पडण्याच्या नोंदी तपासल्या. नव्या यंत्रांचे सुरुवातीचे बिघाड वगळता, सुमारे ४२ टक्के घटनांचे मूळ संगणक हाताळण्यात व त्याची देखभाल करण्यात होते आणि २५ टक्के घटनांचे आज्ञावलीतील चुकांमध्ये. यंत्रभागांचा वाटा केवळ १८ टक्के होता.

जुळ्या चकत्यांचा इथे उपयोग नाही. निकालपत्रक चुकून पुसले, तर ते त्याच क्षणी दोन्हींवरून पुसले जाते. वर चुकीचा आकडा लिहिला, तर कार्बन कागदही तोच खाली उमटवतो. म्हणून जुळ्या चकत्या असल्या तरी आठवड्याला एक प्रत वेगळी काढावी आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. जोडीमुळे काम थांबत नाही. चूक मागे घेता येते ती जुन्या प्रतीमुळे.