ब्रायटनची छत्री आणि ५३ नावे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहराच्या मध्यभागी एक जुना राजवाडा आहे. त्याचे घुमट आणि मनोरे हिंदुस्थानी धाटणीचे आहेत. राजा चौथा जॉर्ज याच्यासाठी जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञाने त्याला हे रूप दिले. १८५० साली शहराने तो विकत घेतला आणि त्याभोवतीची बाग नागरिकांची झाली. या बागेच्या प्रवेशद्वारी, शेजारच्या उद्यानात आणि शहराबाहेरच्या टेकडीवर पहिल्या महायुद्धाची तीन स्मारके आहेत. त्यांपैकी दोन हिंदी सैनिकांशी निगडित असल्याने त्यांची हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांला वाटते.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजा फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. थंडी आणि चिखल यांनी भरलेल्या खंदकांतून हजारो जखमी इंग्लंडला आणावे लागले. त्यांच्यासाठी डिसेंबर १९१४ मध्ये या राजवाड्याचेच रुग्णालय झाले. तेथे वेगवेगळ्या धर्मांच्या व जातींच्या रुग्णांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू व मुसलमान यांचे पाण्याचे नळही निराळे होते. ही व्यवस्था मायेपोटी होती, तशी मुत्सद्देगिरीपोटीही होती. राजवाड्यातील रुग्णांची छायाचित्रे सरकारने हिंदुस्थानात आवर्जून वाटली. मात्र याच रुग्णांना कुंपणाबाहेर मोकळेपणी फिरण्याची मुभा नव्हती.

उपचार होऊनही काही सैनिक दगावले. मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या मशिदीजवळील कबरस्तानात मूठमाती देण्यात आली. हिंदू व शीख अशा ५३ सैनिकांचे दहन पॅचमजवळच्या उघड्या टेकडीवर करण्यात आले आणि त्यांची रक्षा समुद्रात विसर्जित झाली. त्या जागी स्मारक व्हावे, ही सूचना दासगुप्ता नावाच्या एका हिंदी लष्करी डॉक्टराने केली आणि ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांनी ती उचलून धरली. आराखडा केला तो मुंबईचे तरुण वास्तुशिल्पज्ञ ई. सी. हेन्रिक्स यांनी, हे आडनाव आपल्या वाचकांच्या कानांना परके नाही. आठ खांबांवर उभारलेल्या या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी छत्रीचे अनावरण प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पतियाळाच्या महाराजांनी राजवाड्याच्या बागेचे दक्षिणद्वार खुले केले. हिंदुस्थानातील जनतेची ती कृतज्ञतेची भेट होती.

पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर १९२२ रोजी, बागेलगतच्या ओल्ड स्टाइन उद्यानात ब्रायटनने स्वतःच्या मृतांचे स्मारक उभारले. त्यावर सुमारे २,६०० नावे कोरलेली आहेत. त्यांत तीन स्त्रियांचीही आहेत. एखाद्या आईला तेथे जाऊन मुलाच्या नावावरून बोट फिरवता येत असे.

छत्रीवर मात्र एकही नाव नव्हते. इंग्रजी, हिंदी, पंजाबी व उर्दू अशा भाषांत हिंदी सैनिकांना वाहिलेली आदरांजली होती. पण तेथे ज्यांच्या चिता पेटल्या ते कोण, हे दगड सांगत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तर ही टेकडी सैन्याच्या सरावाखाली गेली आणि छत्रीच्या संगमरवरावर गोळ्यांचे व्रण उमटले. पुढे दुरुस्ती झाली. १९५१ पासून माजी सैनिकांची संघटना दरवर्षी तेथे अभिवादनास जाऊ लागली आणि ती प्रथा पुढे स्थानिक लोकांनी जिवंत ठेवली. अखेर २६ सप्टेंबर २०१० रोजी, म्हणजे अनावरणानंतर ८९ वर्षांनी, छत्रीजवळ त्या ५३ जणांची नावे कोरलेला शिलालेख उभा राहिला.

ब्रायटनला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपल्याकडेही साताऱ्या-रत्नागिरीकडील काही गावांत, या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली आणि इतकी मृत्यू पावली, असे सांगणारे संगमरवरी फलक आहेत. त्यांवर आकडा आहे, नाव नाही. आकड्याने पराक्रम मोजता येतो. पण घरातला माणूस आठवायचा तर त्याला नावानेच हाक मारावी लागते. असा फलक ज्यांच्या गावात असेल, त्यांनी वृद्धांना विचारून, जुने कागद धुंडाळून ती नावे लिहून ठेवावीत. ब्रायटनला ८९ वर्षे लागली. आपल्याला तर आधीच शंभरांहून अधिक वर्षे उशीर झाला आहे.