ओसरी, दिवाणखाना आणि हॉल

मागच्या वेळी आपण देवघराबद्दल बोललो. आज घरातल्या त्या जागेकडे वळू जिथे घरची माणसं निवांत बसतात, खेळतात, गाणं ऐकतात आणि कोणी आलं की त्याला ‘या, बसा’ म्हणतात. हल्ली नवीन घर सजवायला काढलं की पहिला प्रश्न असतो, टीव्ही कुठल्या भिंतीवर? मग सोफा, मग दिवे, मग पडदे. या घरात कोण येणार आणि आल्यावर कुठपर्यंत येणार, हे कोणी विचारत नाही. आपली जुनी घरं मात्र याच प्रश्नावर बांधलेली होती. त्याचं उत्तर पुष्कळदा क्रूर असे, तेही आज बोलायचं आहे.

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करायची खोड जात नाही. ‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी फोड आपण शाळेत शिकलो. भाषेचे अभ्यासक म्हणतात, ती फोड मागाहून बसवलेली; मूळ धातू ‘अत्’, म्हणजे फिरणं. अतिथी म्हणजे वाटसरू. मनुस्मृतीत तर एक रात्र राहणारा तो अतिथी, असा हिशेबच दिला आहे. कुठलाही अर्थ घ्या, एक गोष्ट राहते: हा माणूस न सांगता येतो. आणि न सांगता येणाऱ्यासाठी घरात जागा ठेवायची तर ती आधीच बांधून ठेवावी लागते.

करमणुकीच्या खोलीचं जुनं वर्णन हवं असेल तर ते वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. या ग्रंथाची कीर्ती वेगळ्याच कारणासाठी झाली आहे, पण त्यात शहरात राहणाऱ्या सुखवस्तू गृहस्थाचं घर कसं असावं याचं एक प्रकरण आहे. घराचे दोन भाग, आतला आणि बाहेरचा. बाहेरच्या खोलीत मऊ बिछाना, खुंटीला टांगलेली वीणा, चित्रं काढायची फळी, एखादं पुस्तक, सोंगट्यांचा पट. बाहेर पक्ष्यांचे पिंजरे आणि बागेत सावलीतला झोपाळा. आज कोणी हौसेनं खोली सजवली तरी यात फारशी भर पडणार नाही. पण बाहेरचा भाग त्या गृहस्थाचा आणि आतला बायकांचा, ही वाटणी लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ दीड हजार वर्षं ती हललेली नाही.

आता आपल्याकडे येऊ. पेशवाईतला वाडा घ्या. दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, वर दिवाणखाना, आत माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि मागे परसू. मराठवाड्यात दरवाज्यालगतच्या बसायच्या जागेला ढाळज म्हणतात, कोकणात पडवी आणि ओटी. नावं बदलतात, क्रम बदलत नाही. ही जणू एक पट्टी होती आणि येणारा माणूस तीवर मोजला जाई. कोणी अंगणातूनच बोलून परत जाई. कोणी ओट्याच्या कडेला टेके. कोणाला ओसरीवर पाणी मिळे, कोणाला दिवाणखान्यात पानसुपारी, आणि पंक्तीला पाट मिळाला म्हणजे तो अगदी आपला. सोयरा असेल तर माजघरापर्यंत. घराच्या नकाशावरून त्या घराची सगळी नाती काढता येत, जातीसकट.

‘दिवाणखाना’ हा शब्द फारसीतून आला. दिवाण म्हणजे दरबार, कचेरी. म्हणजे ही खोली मुळात कामाची. सकाळी तिथे हिशेब, निवाडे, पत्रव्यवहार आणि रात्री तिथेच बैठक: गादी, लोड, तक्के, पानदान, अत्तरदाणी, समोर गवई किंवा बैठकीची लावणी. पुण्यातला विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावानं १८०७ मध्ये बांधला. नावातच विश्राम, लाकडी कोरीवकाम, सुरूच्या आकाराचे खांब, तीन चौक. पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. मैफिलीच्या जागी विद्यार्थी पाठांतर करू लागले. आम्हां मास्तर लोकांना ही घटना अर्थातच आवडते.

बैठकीची मांडणी नीट डोळ्यांपुढे आणा. गाद्या भिंतींना लागून, तीन बाजूंना. मधली जागा मोकळी. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसतं. पुढे टीव्हीपाशी येऊ तेव्हा या मांडणीची आठवण ठेवा.

आणि बायका? त्यांची करमणूक माजघरात. श्रावणात मंगळागौरीची रात्र जागवायची, झिम्मा, फुगड्या, उखाणे. एरवी दुपारची उष्टी-खरकटी आवरली की सागरगोटे किंवा काचापाणी. हळदीकुंकवाला इतर घरच्या बायका येत, त्याही थेट आत माजघरात. म्हणजे एका घरात पाहुणचाराच्या दोन जागा होत्या. बाहेरच्या जागेवर कोरीवकाम, झुंबरं, हंड्या. आतल्या जागेला शेणानं सारवलेली जमीन आणि एखादा झरोका. दिवाणखान्यात गाणं चाले, त्याचे सूर आत जात; ऐकणारी मात्र बाहेर येऊ शकत नसे. जुन्या वाड्यांच्या वैभवाचे गोडवे ऐकताना हे आठवलं की आमचा तरी स्वर जरा खाली येतो.

या पट्टीला पहिला जोराचा धक्का एकोणिसाव्या शतकात बसला, आणि तो खाण्यापिण्यावरून बसला. मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद एकत्र बसून खात, पण गुपचूप. नावं फुटतील या भीतीतच ती सभा १८६० मध्ये मोडली. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही उघड. आज ते वाचताना एक सामाजिक सुधारणा म्हणून आपण वाचतो. पण घराच्या नकाशावर पाहा: ज्याला अंगणाबाहेर थांबवत होते तो आता घराच्या पाण्यापर्यंत आला. ती सगळी पट्टीच एका दिवसात निरर्थक झाली.

आणि १८९० चं पंचहौद मिशनचं चहाप्रकरण तर तुम्हाला माहीतच आहे. पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे गेली आणि पुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावभर खळबळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपावरून! आपल्याला हसू येतं, पण त्या काळी ‘तुम्ही कोणाच्या घरी काय घेतलंत’ हाच माणसाचा पत्ता होता. आणि आज कोणाच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवलेला दिसतो, तेव्हा हे प्रकरण पुरतं संपलेलं नाही हे कळतं.

आता मुंबईच्या चाळी. गिरणगावात, गिरगावात एका खोलीत संसार. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्या बीडीडी चाळी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. इथे दिवाणखाना आणि माजघर यांचा प्रश्नच मिटला, कारण दोन्ही त्याच जागेत आणि रात्री तीच निजायची खोली. मग करमणूक कुठे? दाराबाहेर. गिरगावातल्या चाळीची लांबलचक गॅलरी म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक ओसरीच. कॅरम तिथे, भांडणं तिथे, लग्नाची बोलणीही कठड्याला टेकून. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तो चाळीच्या अंगणाच्या जिवावर. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. तिच्यातली माणसं एकेकट्या फ्लॅटमध्ये राहात असती तर ते पुस्तक झालं नसतं. पण चाळीची गॅलरी गोड करून सांगू नये. सकाळी नळावरची आणि संडासापुढची रांगही त्याच गॅलरीतून जात होती.

इथे एका वेगळ्या घराचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं. तिथे कुटुंब खाली आणि वरचा मजला ग्रंथालय व कामाची जागा. जिथे इतरांनी झुंबर लावलं असतं तिथे पुस्तकं. ज्याच्या समाजाला शतकानुशतकं अंगणापलीकडे येऊ दिलं नाही, त्यानं आपल्या घराचा दर्शनी भाग कसा ठरवला, हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवायला हवं.

गोव्यात आणखी एक रचना दिसते. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या घरात तर नाचासाठी वेगळं दालन आहे, पण ते मोठ्यांचं झालं. साध्या ख्रिस्ती घरापुढेही बाल्कांव असतं: पायऱ्या चढून गेलं की समोरासमोर दोन बाकं, तोंड रस्त्याकडे. घरात न जाता घरी गेल्यासारखं होतं. जाणाऱ्यायेणाऱ्याशी दोन शब्द होतात, कोणाला ‘आत या’ म्हणायचं बंधन नाही आणि कोणाचा अपमानही नाही. आमच्या मते बिनबोलावल्या माणसासाठी याहून चांगली जागा आपल्याकडे कोणी बांधली नाही.

पुण्यात वाडे आधीच भाडेकरूंमध्ये वाटले गेले होते. आमच्या लहानपणी दिवाणखान्यात फळ्यांचे पडदे घालून तीन बिऱ्हाडं राहात. छताकडे पाहिलं की कोरीव तुळई एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जाताना दिसे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर आला आणि नदीकाठचे पुष्कळ वाडे गेले. पुढे १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला आणि मध्यमवर्ग सदनिकेत शिरला. इथे जागा चौरस फुटांवर विकली जाते. ओसरी ना धड घरात, ना बाहेर; तिचे पैसे कोण देणार? तिची उरलेली खूण म्हणजे बाल्कनी, आणि तिलाही काच लावून आपण आत घेतलं.

मग आला ‘हॉल’. इंग्रजीत हॉल म्हणजे सभागृह. मराठीत दहा बाय बाराच्या खोलीला आपण हे नाव दिलं. आणि गंमत पाहा, दिवाणखाना गेला पण ‘दिवाण’ राहिला: भिंतीला लावलेली पेटीची कॉट, दिवसा पाहुण्याला बसायला, रात्री आजोबांना झोपायला, आत गोधड्या. समोर टीपॉय. तो शब्द चहावरून आलेला नाही बरं का. मूळ तीन पाय. तिथेच शोकेस, त्यात शिल्ड, बाहुली आणि कधीच न वापरलेला कपबशांचा सेट.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सुरुवातीला ज्याच्याकडे संच त्याच्याकडे सगळी चाळ. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण. दाराबाहेर चपलांचा ढीग. पण संच घरोघरी आला आणि बैठक वळली. तीन भिंतींना लागून एकमेकांकडे पाहणारी माणसं आता एकाच भिंतीकडे पाहू लागली. पाहुणा आला की आवाज कमी करायचा, बंद नाही करायचा, हा नवा शिष्टाचारही रुळला.

इथवर आलं की व्याख्यात्यानं हळहळावं अशी अपेक्षा असते. पण याच हॉलमध्ये पहिल्यांदा घरातली बाई सोफ्यावर बसली. सासरे आणि सून एकाच खोलीत एकच नाटक बघू लागले. पाहुण्यासमोर ती नुसती चहा ठेवून वळली नाही, बसून बोलली. दोन जागांची एक जागा झाली यात हरवलं ते पुरुषांचं वेगळेपण, आणि ते हरवलं हे चांगलं झालं. वाड्यातली ओसरी परत आणा म्हणणाऱ्यांनी तीत कोणाला बसता येत होतं, तेही सांगावं.

हरवलेली दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. न सांगता येणाऱ्याची जागा गेली. आता संकुलाच्या फाटकावर वही असते: नाव, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, आल्याची वेळ. वरून फोनवर ‘सोडा’ म्हटल्याशिवाय लिफ्टपर्यंत जाता येत नाही. अतिथीला तिथी मिळाली, मिनिटासकट. घरात होम थिएटर आहे, खाली क्लब हाउस आहे, ते आगाऊ नोंदवून, पैसे भरून मिळतं. आणि संध्याकाळी त्याच संकुलातली म्हातारी माणसं फाटकाजवळच्या कट्ट्यावर, पार्किंगच्या बाजूला, जाणाऱ्यायेणाऱ्यांकडे तोंड करून बसलेली असतात. तो कट्टा कुठल्याही नकाशात दाखवलेला नसतो. झाडाभोवती माती राहावी म्हणून बांधलेला असतो. काही सोसायट्यांनी तिथे बसायला मनाई केली आहे, काहींनी पाठ टेकायला बाकं टाकली आहेत. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय निघाला तर तुम्ही कुठल्या बाजूला हात वर कराल, ते आम्हाला ऐकायला आवडेल.

वेळ संपत आली. पुढच्या व्याख्यानात माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जाऊ. ओटा उभा झाला तेव्हा काय काय बदललं ते पाहू. आता प्रश्न असतील तर घेऊ.