फुलपाखरांचे छायाचित्रण : कसोटी संयमाची

फुलपाखराच्या मागे धावून त्याचे चांगले छायाचित्र मिळत नाही. ते कुठे येणार आणि केव्हा थांबणार, हे आधी ओळखावे लागते. महागडी लेन्स हाती असूनही अनेक हौशी छायाचित्रकार रिकाम्या फुलाचे चित्र घेऊन परततात, ते यामुळेच.

वेळ आणि जागा

पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस सह्याद्रीच्या परिसरात या छंदासाठी उत्तम मानले जातात. मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा येऊरचे जंगल जवळचे आहे. फुलपाखरांना उडण्यासाठी शरीर उन्हात तापवावे लागते. त्यामुळे सकाळी ती पंख पसरून बसलेली आढळतात. दुपारी मात्र क्षणभरही थांबत नाहीत. ओढ्याकाठच्या ओलसर मातीतून क्षार शोषताना ती तुलनेने निर्धास्त असतात. अशा घोळक्यात बहुधा नरांचाच भरणा असतो. अंडी घालणारी मादी हवी असेल, तर झाडांची ओळख हवी. रुईवर प्लेन टायगर, तर लिंबू व कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन हमखास येते.

तंत्रातील अडचणी

मॅक्रो लेन्सने अगदी जवळून टिपताना जेमतेम काही मिलिमीटरचाच भाग स्पष्ट येतो. डोळा रेखीव आला, तर पंखाची कड धूसर होते. म्हणून कॅमेरा पंखांना समांतर धरावा लागतो. जवळ जाताना हालचाल संथ हवी आणि आपली सावली फुलपाखरावर पडता कामा नये. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉरमॉन तर मध पितानाही पंख फडफडवत राहते. त्यासाठी शटरचा वेग वाढवावा लागतो. शिवाय त्याच्या मखमली काळ्या रंगामुळे कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो आणि निळा पट्टा फिकट उमटतो. एक्स्पोजर किंचित कमी ठेवणे हा त्यावरचा उपाय होय.

छायाचित्र हाच पुरावा

पूर्वी अभ्यासक जाळ्यात पकडलेली फुलपाखरे टाचणीने टोचून ठेवत. आज हौशी निरीक्षकांच्या बहुतांश नोंदी छायाचित्रांवर आधारलेल्या असतात. त्यामुळे चित्र केवळ देखणे असून भागत नाही. चिमुकल्या निळ्या फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरील ठिपके व रेषांवरूनच पटते. डॅनेड एगफ्लायची मादी बेचव प्लेन टायगरचे हुबेहूब सोंग घेते. मागच्या पंखाच्या मध्यभागी काळ्या ठिपक्यांचा पुंजका असेल तर ते प्लेन टायगर. मादीला तो नसतो. नेमका तेवढा भाग चित्राबाहेर राहिला, तर नोंद संशयास्पद ठरते. म्हणूनच शक्य तेव्हा दोन्ही बाजूंची चित्रे घेणे उपयुक्त ठरते.

मोहाला आवर

फुलपाखरू हलू नये म्हणून त्याला पकडून थंडाव्यात ठेवण्याचे प्रकारही घडतात. गारठलेले फुलपाखरू उडू शकत नाही आणि सहज भक्ष्य ठरते. असे चित्र त्याच्या नैसर्गिक वर्तनाविषयीही काही सांगत नाही. अनेक जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही विसरता येणार नाही. चित्रासाठी फांदी मोडल्यास तिच्यावरील अंडी व अळ्या नष्ट होण्याचा धोका असतो. पंख मिटलेले असोत वा फाटलेले, जसे दिसले तसे टिपलेले फुलपाखरूच अभ्यासकाच्या कामी येते.