समुद्राला न दिलेलं यान

तुम्ही श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावर उभे आहात. 10 ऑगस्ट 1979, सकाळचे आठ वाजत आलेत. समोर एसएलव्ही-3, भारताने स्वतः बांधलेलं पहिलं उपग्रहवाहक रॉकेट. ते पेटतं, उठतं, पहिला टप्पा चोख पार पडतो. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण हातचं जातं आणि 317 व्या सेकंदाला सगळं बंगालच्या उपसागरात. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम खचून गेलेत. पत्रकारांना सामोरे जातात ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन.

18 जुलै 1980 ला पुन्हा इथेच या. आज 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचतो, सहकारी कलामांना खांद्यावर घेतात. त्या जल्लोषातून नजर काढून जरा पाण्याकडे वळवा. जळून रिकामे झालेले खालचे टप्पे आजही तिथेच गेले. फसलं तरी समुद्र, जमलं तरी समुद्र.

पुढची पस्तीस वर्षं भराभर ओलांडा. पीएसएलव्ही येतं, जीएसएलव्ही येतं, चंद्र आणि मंगळ गाठले जातात. मात्र वालचंदनगरच्या कारखान्यात घडलेली मोटरची कवचं असोत की विक्रोळीत गोदरेजमध्ये तयार झालेली विकास इंजिनं, कारागिरांनी महिनोन्महिने खपून केलेलं काम काही मिनिटांत संपतं. एकही नग परत येत नाही.

23 मे 2016. घनइंधनाच्या बूस्टरवर आज पंख असलेलं छोटं यान बसवलंय. ते 65 किलोमीटर उंची गाठतं, ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात शिरतं, पोटाला बसवलेल्या तापरोधक फरश्या धग सोसतात. तेरा मिनिटांच्या आत प्रवास संपतो, ठरल्याप्रमाणे समुद्रातच. तरीही कुठे उतरायचं हे आज यानाने स्वतः साधलंय.

आता किनारा सोडा आणि कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेला या. 23 जून 2024, रविवार, सकाळचे सात वाजून गेलेत. इथे मात्र घाई करू नका. हवाई दलाचं चिनूक हेलिकॉप्टर त्याच प्रकारच्या पंख असलेल्या ‘पुष्पक’ यानाला खाली टांगून साडेचार किलोमीटर उंच नेतं. साडेसहा मीटर लांबीचं, मिनीबसएवढं हे यान. धावपट्टी अजून साडेचार किलोमीटर पुढे, आणि मुद्दामच 500 मीटर बाजूला ठेवलेली. हेलिकॉप्टर त्याला सोडून देतं.

यानात इंजिन चालू नाही. वैमानिकही नाही. विमानाचा अंदाज चुकला तर ते पुन्हा उचलून दुसरी फेरी मारता येते. पुष्पकला ती सोय नाही. आखूड पंखांवर तरंगणं जमत नाही, म्हणून ते तीव्र उतारावरून झेपावतं. वारा जोराचा आहे. बाजूचे 500 मीटर ते स्वतः वळून भरून काढतं, नाक सावरतं आणि मागची चाकं टेकतात तेव्हा वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर असतो. प्रवासी विमान साधारण 260 ने उतरतं. शेपटीमागे पॅराशूट फुलतं, वेग शंभरच्या आसपास येतो, मग चाकांचे ब्रेक लागतात. शेवटी ते धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभं राहतं.

जवळ जाऊन पाहा. मार्चमध्ये याच धावपट्टीवर उतरलेलं हेच ते धड, आतल्या यंत्रणाही त्याच, एकही बदल न करता पुन्हा उडवलेल्या. चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी देश पडद्यासमोर होता; या सकाळी बहुतेक घरं चहात होती. मला ही सकाळ तितकीच मोठी वाटते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ नव्या पिढीच्या रॉकेटला 8,240 कोटी रुपये मंजूर करतं. पृथ्वीनजीकच्या कक्षेत 30 टन नेणारं, सध्याच्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या तिप्पट वजन दीडपट खर्चात उचलणारं, आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारं. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठी श्रीहरिकोट्यात तिसऱ्या प्रक्षेपण तळाला मंजुरी मिळते. 2035 पर्यंत स्वतःचं अंतराळस्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय, हा बेत आहे. इतकी उड्डाणं दर वेळी नवं रॉकेट फेकून देत परवडणार नाहीत. अमेरिकेतल्या फाल्कन-9 रॉकेटचा पहिला टप्पा डिसेंबर 2015 मध्येच जमिनीवर उभा उतरला. आपण उशिरा निघालोय, हेही खरं.

आता एकच पाऊल पुढे, येणाऱ्या काळात. आपल्या नव्या रॉकेटच्या, पंखांविना कोसळत येणाऱ्या भल्या मोठ्या पहिल्या टप्प्याची इंजिनं पुन्हा पेटवून त्याला उभं उतरवायचंय, आणि त्यासाठीचं इंधन चढतानाच राखून ठेवायचंय. पहिल्या प्रयत्नांत तो कलंडू शकतो, फुटू शकतो. त्या दिवशी कुणी ‘पैसा पाण्यात गेला’ म्हणालं, तर त्यांना सांगा: आजवर यशस्वी उड्डाणातही तो पाण्यातच जात होता, तो वाचवायला आता सुरुवात झाली आहे.