जुन्या मोटारसायकलच्या फोर्क नळ्या : दुरुस्ती की बदल?

१९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० अनेकांनी आजही जपून ठेवली आहे. तिच्या पुढच्या फोर्कमधून तेल गळू लागले की बहुधा केवळ ऑइल सील बदलले जाते. दोष मात्र अनेकदा आतील पोलादी नळीत असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत क्रोमखाली गंज शिरून खड्डे पडतात आणि त्यांच्या धारदार कडा नवे सीलही कापतात. ओघळलेले तेल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचल्यास ब्रेक लागत नाही.

नळीवरून नख फिरवावे. ते अडकल्यास तेथे खड्डा आहे असे समजावे. सील जेथवर पोहोचत नाही, त्या वरच्या भागातील खड्ड्यांमुळे गळती होत नाही. सुटी केलेली नळी सपाट काचेवर फिरवल्यास तिचा बाक लक्षात येतो.

खड्डे उथळ असल्यास जुना थर काढून हार्ड क्रोम चढवावा व मूळ व्यासापर्यंत ग्राइंडिंग करून घ्यावे. शोभेचा पातळ क्रोम येथे टिकत नाही. दुमडलेली वा तडा गेलेली नळी मात्र बदलावीच. दोन्ही बाजूंची सील एकाच वेळी बदलावीत आणि तेल दोहोंत सारखेच भरावे.